जवारी आणि किलोबिट

शास्त्रीय संगीत खरोखर ऐकायचे तर फाइल हाय-रेझच हवी, म्हणजे सीडीहून बारीक नोंदीची; निदान लॉसलेस तरी, म्हणजे काहीही न गाळता साठवलेली. एमपी३वर राग ऐकणे म्हणजे रागाचा अपमान. हे मत आता इतके रुळले आहे की ते सिद्ध करण्याच्या भानगडीत कोणी पडत नाही. वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात मैफलीच्या मध्यंतरात चहाला उभे राहा. डॅक कोणता घेतला, १९२ चालवतो का, अशी चौकशी कानावर पडेलच. (डॅक म्हणजे फाइलमधल्या आकड्यांचा पुन्हा ध्वनी करणारे यंत्र.) बोलणारी माणसे आपल्याच गोतावळ्यातली असतात, गाण्यावर जीव टाकणारी असतात. म्हणूनच त्यांच्याशी वाद घालावासा वाटतो. गाण्याशी देणेघेणे नसलेल्याशी कोण कशाला भांडेल?

पूर्वपक्ष आधी त्याच्या पूर्ण बळानिशी मांडतो. वाचक न्यायाधीश आहेत. त्यांच्यापुढे दुबळा करून मांडलेला प्रतिपक्ष हरवण्यात पुरुषार्थ नाही.

हा पक्ष म्हणतो: आपले गाणे तंबोऱ्यावर उभे आहे आणि तंबोरा जवारीवर. जवारी म्हणजे स्वयंभू स्वरांची, मूळ स्वराच्या पटीत आपोआप उमटणाऱ्या स्वरांची, दाट वीण. एमपी३ किंवा एएसी या पद्धती कानाला 'न जाणवणारे' काढून टाकतात. मग सर्वांत आधी जाणार ते हेच सूक्ष्म स्वर, आणि त्यांच्या पाठोपाठ श्रुती. शिवाय सीडीचा ध्वनी म्हणजे सेकंदाला ४४,१०० ठिपके आणि प्रत्येक ठिपक्याला १६ बिटांची मोजपट्टी. २४ बिट आणि १,९२,००० ठिपके असतील तर पायऱ्या बारीक होतात, मूळ वक्ररेषा जवळ येते. पाश्चात्त्य प्रयोगशाळांत फरक कळला नसेल, तर ते कान तालमीत बसलेले नव्हते. आणि शेवटी व्यवहाराचा प्रश्न: साठवण स्वस्त, डेटा स्वस्त, मग कमी का घ्यायचे?

या पक्षाला इतिहासाचाही आधार आहे. वीसएक वर्षांपूर्वी स्टेशनाबाहेर दीडदोनशे गाण्यांच्या ज्या एमपी३ सीड्या विकल्या जात, त्यांतला तंबोरा खरोखरच पाण्याखालून आल्यासारखा वाजे. सेकंदाला ९६ किंवा १२८ किलोबिटांत, त्या काळच्या कच्च्या एन्कोडरने, म्हणजे ध्वनी दाबणाऱ्या प्रोग्रॅमने, केलेली ती फाइल. ती वाईटच होती. हे मी विनाअट मान्य करतो. पण १२८ वाईट होते म्हणून ३२० वाईट आहे, हा कोणता न्याय?

आता उत्तरपक्ष. तंबोऱ्यापासूनच सुरुवात करू, कारण प्रतिपक्षाचा गड तोच आहे.

तंबोऱ्याच्या नादाचे रहस्य चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ साली उलगडून दाखवले. तार जिथे छेडली तिथे ज्या स्वयंभू स्वरांची गाठ पडते, ते स्वर नियमाने ऐकू येऊ नयेत. तंबोऱ्यात ते ठणठणीत ऐकू येतात. कारण घोडीचा माथा धारदार नसून पसरट, किंचित वक्र असतो. त्यावर तार घासत-सुटत राहते आणि ऊर्जा वरच्या स्वरांना पुरवत राहते. मिरजेचा कारागीर दोरा सरकवून जी जागा शोधतो ती हीच. आता आकडे पाहा. पुरुष गायकाचा षड्ज काळी एक धरला, तर तो साधारण १३९ हर्ट्झ. त्याचा दहावा स्वयंभू स्वर १,३९० वर येतो, पन्नासावा ७,००० च्या आत. म्हणजे पन्नास स्वयंभू स्वर मोजून झाले तरी आपण सीडीच्या २२,०५० हर्ट्झच्या कुंपणाच्या एक तृतीयांशापाशीही नाही. ३२० किलोबिटांचा एमपी३ साधारण २०,००० हर्ट्झपर्यंत सगळे वाहून नेतो. जवारीने कुंपणाबाहेर उडी कधी मारली?

प्रतिपक्ष म्हणेल, कुंपण सोडा, आतले काय? आतले सूक्ष्म स्वर तर काढलेच ना? हा गैरसमज फार खोल रुतला आहे. हलका स्वर दिसला की काढून टाक, असे एन्कोडर करत नाही. मोठ्या स्वराच्या शेजारी कान थोडा बधिर होतो. त्या बधिरतेच्या आड जेवढा गोंगाट लपू शकेल तेवढाच तो मोजमापातल्या ढिलाईतून शिरू देतो. स्वर राहतो, त्याच्या नोंदीची अचूकता कमी होते. बिट कमी पडले की हा गोंगाट आडोशाबाहेर डोकावतो, आणि स्वरांची वीण दाट असल्यामुळे तंबोऱ्याला बिट जास्त लागतात. १२८ ला तो उपाशी राहिला तो यामुळे. सीडीचा प्रवाह सेकंदाला १,४११ किलोबिटांचा. ३२० म्हणजे त्याच्या पावाहूनही कमी, हे ऐकून पोटात गोळा येतो खरा. पण बीबीसी आणि जपानच्या एनएचके यांनी १९९६ मध्ये एएसी तपासले ते पाच वाहिन्यांना मिळून ३२० किलोबिट देऊन. म्हणजे एका वाहिनीला ६४. मुद्दाम छळणारे नमुने निवडून घेतलेल्या त्या चाचण्यांत 'मुळापासून वेगळे ओळखता न येणारे' या आंतरराष्ट्रीय कसोटीला ते उतरले. आज २५६ किलोबिटांचे दोन वाहिन्यांचे एएसी घेतले, तर प्रत्येक वाहिनीच्या वाट्याला त्याच्या दुप्पट येते. उपासमार कुठे आहे?

श्रुतींचा आक्षेप याहून नाजूक आहे, आणि त्याची उत्तम मांडणी प्रतिपक्षाकडून मी अजून ऐकलेली नाही. तेव्हा मीच करतो. एमपी३ ध्वनीचे ५७६ पट्टे पाडतो. २२,०५० भागिले ५७६ म्हणजे एका पट्ट्याची रुंदी ३८ हर्ट्झ. १३९ हर्ट्झच्या षड्जावरचा शुद्ध गंधार १७४ च्या आसपास. म्हणजे षड्जापासून गंधारापर्यंतचे सगळे अंतर एका पट्ट्याएवढेही नाही. मग प्रमाणश्रुतीचे काय होणार? ८१:८० या गुणोत्तराची, जेमतेम साडेएकवीस सेंटची ती प्रमाणश्रुती, अर्धा स्वर शंभर सेंटचा असताना!

आक्षेप बिनतोड दिसतो. तो चुकीचा आहे. पट्टा म्हणजे पेटीची पट्टी नव्हे की जवळचा स्वर तिच्यावर नेऊन बसवला. एका पट्ट्यातला आकडा वेळेच्या प्रत्येक तुकड्यागणिक बदलतो, शेजारच्या पट्ट्यांतले आकडेही बदलतात, तुकडे एकमेकांवर अर्धे चढलेले असतात. स्वराची नेमकी जागा या सगळ्या बदलांच्या गुंफणीत असते. आकड्यांची काटछाट केलीच नाही तर याच ५७६ पट्ट्यांतून मूळ ध्वनी, कानाला फरक कळणार नाही इतका, जवळजवळ जसाच्या तसा परत बांधता येतो, हे गणित आहे, मत नव्हे. काटछाट केली की वाढतो तो गोंगाट. स्वर आपल्या जागेवरून हलत नाही. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी १९१० साली बावीस श्रुतींवर पुस्तक काढले, क्लेमेंट्ससाहेबांच्या आणि अब्दुल करीम खाँसाहेबांच्या साथीने मोजमापे केली, तेव्हापासून श्रुती म्हणजे गुणोत्तर हे आपण जाणतो. गुणोत्तर बिघडवण्याचे सामर्थ्य बिटरेटमध्ये नाही. फाइल वाजवणाऱ्या यंत्रातल्या घड्याळाच्या स्फटिकात दशलक्षात शंभराची चूक धरली तरी ती सेंटचा सहावा हिस्सा होते, आणि तीही सगळ्या स्वरांना सारखी.

आता पायऱ्यांचे चित्र. ते जाहिरातीत छान दिसते. यंत्रातून पायऱ्या बाहेर येत नाहीत. क्लॉड शॅननने १९४९ मध्ये मांडलेला सिद्धान्त असा की, ध्वनीतल्या सर्वांत उंच कंपनसंख्येच्या दुपटीहून जास्त ठिपके घेतले तर त्या ठिपक्यांतून जाणारी वक्ररेषा एकच असते. 'जवळपास तशी' नव्हे, तीच. तरुण कान २०,००० च्या पुढे ऐकत नाही, आणि डॅकवर लाखभर खर्च करण्याची ऐपत येईपर्यंत आपला कान तरुण उरलेला नसतो. बिटांचे म्हणाल तर १६ बिटांत ९६ डेसिबलची उंची मावते. शासनाच्या २००० सालच्या नियमांनी निवासी भागाला रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घालून दिली आहे. पाम बीच रस्त्यावर किंवा सायन-पनवेल महामार्गाकडेला घर असलेल्याने ही मर्यादा पाळली जाते का, हे मला विचारू नये. खिडक्या लावून खोली ३० डेसिबलपर्यंत शांत केली असे उदारपणे धरू. तिच्यावर ९६ चढवले की १२६ होतात. तिथे कान दुखू लागतो. २४ बिटांचे १४४ डेसिबल कुठे ठेवणार आहात?

आणि मूळ मुद्रणात तरी काय होते? मल्लिकार्जुन मन्सूर आणि कुमार गंधर्व दोघेही १९९२ साली गेले, एमपी३चे मानक आकार घेत होते त्या सुमारास. त्यांचे बहुतेक गाणे चुंबकीय फितीवर आहे. फितीचा स्वतःचा सुस्कारा १६ बिटांच्या तळापेक्षा कितीतरी वर असतो. तो २४ बिटांत घेतला तर सुस्काऱ्याची नोंद जास्त बारकाईने होते, एवढेच. १९२५ पूर्वीच्या, कर्ण्यात तोंड घालून गायलेल्या तबकड्यांत तर तीन-चार हजार हर्ट्झच्या वर फारसे काही नाही. त्यांच्यावर १९२ चा शिक्का मारणे कायद्याने गुन्हा नसेल. चेष्टा मात्र आहे.

तालमीच्या कानाचा मुद्दा मला सर्वांत प्रिय आहे, कारण त्यात आपल्या परंपरेचा अभिमान आहे. पुरावा मात्र उलट जातो. मेयर आणि मोरान या दोघांनी २००७ मध्ये हाय-रेझ तबकड्या वाजवताना मध्येच ध्वनी सीडीच्या दर्जावर उतरवून दाखवला. ५५४ फेऱ्यांत २७६ उत्तरे बरोबर आली. नाणे उडवून याहून वेगळे काय मिळाले असते? प्रतिपक्ष लगेच लंडनच्या जोशुआ राइस यांचे २०१६ चे संकलन पुढे करील, आणि करावेच. अठरा प्रयोगांची बेरीज करून त्यांनी ५२.३ टक्के अचूकता काढली. फरक अगदीच शून्य नाही, असा निष्कर्ष दिला. शिकवलेल्या श्रोत्यांत आकडा साठच्या घरात गेला. पण कशाचे शिक्षण? त्या विशिष्ट चाचणीतला फरक पकडण्याचे. आपली तालीम शिकवते ती वेगळीच गोष्ट: कोमल रिषभाची जागा, मींडेचा उतार, समेकडे येण्याची चाल. या सगळ्या गोष्टी चांगल्या गायकाच्या कानाला फोनवरून आलेल्या आवाजातही कळतात. गीतरामायण १९५५ च्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीवरून वर्षभर घरोघर पोचले ते मध्यमलहरींवरून, जिथे साडेचार-पाच हजार हर्ट्झच्या वरचे काही येतच नाही. म्हणून कमी दर्जा पुरे, असे मी म्हणत नाही. तो युक्तिवाद आळशी आहे. माझे म्हणणे एवढेच की गायकी ओळखणारा कान आणि एन्कोडरचा दोष ओळखणारा कान ही दोन वेगळी कौशल्ये आहेत. पहिल्याच्या पुण्याईवर दुसऱ्याचा दावा करता येत नाही.

ज्यांना तो दावा करायचाच आहे त्यांना रस्ता मोकळा आहे. एकाच लॉसलेस फाइलपासून ३२० ची फाइल स्वतः करा. दोन्हींचा आवाज यंत्राने सारखा करा. काही दशांश डेसिबलने मोठी असलेली फाइलसुद्धा 'जास्त जिवंत' वाटते. मग नावे झाकून सोळा वेळा ओळखा. बारा बरोबर आली तर ते नशिबाने येण्याची शक्यता चार टक्क्यांहून कमी. चहाच्या रांगेतला आत्मविश्वास या सोळा फेऱ्यांत किती टिकतो ते ज्याचे त्याने पाहावे.

एका विसंगतीकडे न्यायाधीशांचे लक्ष वेधतो. हाच हाय-रेझवाला सकाळी पनवेलहून सीएसएमटीची लोकल पकडतो आणि कानात ब्लूटूथची बोंडे घालतो. २४ बिट, १९२ ची फाइल सेकंदाला ९,२१६ किलोबिट मागते. ब्लूटूथची साधी वाट तीनशे-सव्वातीनशेपर्यंत देते, एलडॅकसारखी महागडी वाट जास्तीत जास्त ९९०. म्हणजे त्याचा फोन ती उंची फाइल कानापर्यंत पोचवण्याआधी गुपचूप पुन्हा दाबतो, तेही बऱ्याचदा एमपी३हून भोळ्या पद्धतीने. आणि हा गृहस्थ मानखुर्द ओलांडता ओलांडता जवारीची तारीफ करतो! तारीफ खरी आहे. जवारी त्याला ऐकू येतेच आहे. त्याने माझाच पक्ष सिद्ध केला.

राहिला स्वस्ताईचा मुद्दा. महापे-ऐरोलीच्या डेटा सेंटरांशेजारी राहणाऱ्यांना डेटा फुकट वाटावा, यात नवल नाही. इथे मात्र मी प्रतिपक्षाला अर्धी वाट देतो. साठवायचे असेल तर लॉसलेसच साठवा. कारण कानाचे नाही, भविष्याचे आहे. दाबलेली फाइल पुन्हा दाबली की नुकसान साचत जाते. उद्या नवी पद्धत आली तर मूळ हाताशी हवे. एका तासाची सीडी ६३५ मेगाबाइटची. फ्लॅक या लॉसलेस पद्धतीने दाबली की पुष्कळदा तिच्या निम्म्या-साठ टक्क्यांवर येते आणि उलगडली की शेवटच्या बिटापर्यंत तीच निघते. घरातल्या कॅसेट डिजिटल करणाऱ्याने तर २४ बिटच घ्यावे: टिपताना आवाजाची पातळी चुकली तरी सावरायला जागा राहते. ध्वनिसंग्रहालयांची आंतरराष्ट्रीय संघटना किमान ४८,००० ठिपके आणि २४ बिट सांगते, शक्य तिथे ९६,०००. तो जतनाचा धर्म आहे. ऐकण्याला तो लावणे म्हणजे पुराभिलेखागाराची तिजोरी विकत घेऊन तिच्यात वाणसामानाची यादी ठेवणे. ऐकायला २५६ चे एएसी, ३२० चा एमपी३ किंवा १६० च्या पुढचे ओपस पुरे आहे. पुरे म्हणजे कसेबसे नव्हे, पूर्ण.

मग आपल्या संग्रहातले गाणे पुष्कळदा वाईट का वाजते? वाजते, हे खरे आहे, आणि प्रतिपक्षाच्या तक्रारीतले सत्य एवढेच. पण आरोपी चुकीचा पकडला आहे.

एखाद्या जुन्या खाजगी मैफलीची फ्लॅक फाइल घ्या, अशा पुष्कळ फिरत असतात. स्पेकसारख्या साध्या प्रोग्रॅममध्ये तिचा वर्णपट उघडा. खाली तंबोऱ्याच्या आडव्या रेषा, तबल्याचे उभे फटकारे, आणि १६,००० हर्ट्झला सुरीने कापल्यासारखी कड. तिच्या वर मिट्ट काळोख. कोणीतरी कॅसेटवरून १२८ चा एमपी३ केला, कोणीतरी तो उतरवून घेऊन फ्लॅकचे कपडे चढवले. आकार चौपट, गाणे तेवढेच. बिटरेट पाहून फाइल निवडणाऱ्याने नेमकी हीच निवडली असती.

दुसरा आरोपी सफाई. जुन्या तबकडीची खरखर काढण्याच्या हौसेत स्वच्छता करणारा यंत्राला सांगतो की सलग, बारीक, न थांबणारा आवाज म्हणजे कचरा. तंबोरा दुसरे काय आहे? खरखरीबरोबर जवारीही झाडून जाते, गायकाचा श्वास जातो, आणि उरतो तो पोकळीत लटकलेला गळा. मग सगळे चढ-उतार सपाट करून आवाज मोठा केला जातो, म्हणजे विलंबितातला दबका आलाप आणि द्रुत तान एकाच उंचीवर. हे एकदा झाले की १९२ मध्ये द्या किंवा ३२ मध्ये, गेलेले परत येत नाही. जवारीचा खून झालाच असेल तर तो इथे झाला.

तिसरा आरोपी वेग. ७८ फेऱ्यांच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सगळ्या तबकड्या ७८ ला कापलेल्या नव्हत्या. कुठे ७६, कुठे ८०. ८० ची तबकडी ७८ ला फिरवली की स्वर ४४ सेंटनी उतरतो: मूळ पट्टी काळी एक असेल तर आता ती काळी एक नाही आणि पांढरी एकही नाही, दोहोंच्या जवळजवळ मधोमध. गुणोत्तरे शाबूत, म्हणून श्रुतीला धक्का नाही. पण लय मंदावते, आणि गळ्याची जात बदलते, पातळ आवाज जाडसर होतो. अब्दुल करीम खाँसाहेबांचा आवाज कसा होता, या प्रश्नाचे उत्तर किलोबिटांत नाही. ते उतरवून घेणाऱ्याने फिरतीचा वेग कसा ठरवला, यात आहे. आणि ही माहिती आपल्याला कोण देते? ॲपवर गायकाचे नाव असते, रागाचे नाव बहुधा असते, तबल्यावर कोण हे क्वचित. मुद्रण कोणत्या साली, मूळ फीत होती की तबकडी, वेग कोणता धरला, सफाई कोणी केली, यांबद्दल अक्षर नाही. त्या जागी हाय-रेझचा सोनेरी बिल्ला.

केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीतून अंतराळात गेली. तबकडीच्या वेष्टनावर, ती ज्याच्या हाती पडेल त्याला समजावे म्हणून, सुई कुठे टेकवायची आणि एक फेरी किती वेळात पुरी व्हायला हवी ते कोरले आहे: ३.६ सेकंद, तेही हायड्रोजन अणूच्या मापात, कारण आपले सेकंद त्यांना ठाऊक असणार नाहीत. परग्रहावरच्या अनोळखी श्रोत्याला जी माहिती देणे आवश्यक वाटले, ती नेरुळच्या वर्गणीदार रसिकाला मिळू नये? माझ्या प्रतिपक्षीयांनी ९६ की १९२ हा वाद थांबवून कंपन्यांकडे ही चार ओळींची नोंद मागावी. त्या मागणीवर पहिली सही मी करीन.